आलता लावायचा कसा: बाटली निवडण्यापासून टाचेची रेघ सुकेपर्यंत

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी पाटावर बसते, समोर स्टुलावर एक मुलगी बसते आणि तिचं पाऊल माझ्या मांडीवरच्या जुन्या टॉवेलवर येतं. तिचं झालं की पुढची. भरतनाट्यमच्या वर्गातल्या मुलींना आलता, म्हणजे हातापायांना लावायचा पातळ लाल रंग, लावायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. इतक्या वर्षांत बिघडलेले आलते खूप पाहिले. हात थरथरला म्हणून बिघडलेले त्यात थोडेच होते. ओलसर कातडीवर लावला, एकाच वेळी जाड थर दिला, सुकायच्या आत चाळ बांधले, ही खरी कारणं. नक्षी अगदी साधी असली तरी आलता देखणा दिसतो. वेळ मात्र द्यावा लागतो. म्हणून या लेखात नक्षीपेक्षा तयारी आणि सुकवणं यावर जास्त लिहिलं आहे.

आपल्याकडे जुन्या मराठीत याला अळता किंवा अळिता म्हणत. संस्कृतात अलक्तक. बंगाल आणि ओडिशात तो घराघरांत आहे, उत्तर प्रदेश-बिहारकडे त्याला महावर म्हणतात आणि लग्नकार्यात नाईन, म्हणजे न्हाव्याची बायको, येऊन तो लावते. बंगाली घरात नवी सून आली की दूध आणि आलता घातलेल्या परातीत पाय ठेवून घरात पाऊल टाकते. ओडिशात जूनमधल्या रज सणाला मुली झोपाळ्यावर बसतात तेव्हा पायांना आलता असतोच. महाराष्ट्रात मेंदीने त्याची जागा घेतली. आज तो आपल्याला भेटतो मुख्यतः नाचाच्या वर्गात, आणि अलीकडे नऊवारीतल्या नवरीच्या पायांवर.

बाटलीत काय असतं

मूळ आलता म्हणजे लाखेचा रंग. लाखेचे किडे पळस, बोर, कोशिंब अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर बसतात आणि स्वतःभोवती राळेचं कवच तयार करतात. राळ म्हणजे लाख, आणि तांबडा रंग असतो मादी किड्याच्या शरीरात. लाख धुतली की तो पाण्यात उतरतो. आपल्याकडे गोंदिया-गडचिरोली भागात पळसावर लाख घेतली जाते, आणि देशात सगळ्यात जास्त झारखंडात. रांचीजवळ नामकुमला लाखेवर संशोधन करणारी संस्था १९२४ पासून आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रासायनिक रंग आले आणि लाखेच्या रंगाचा व्यापार बसला. लाख राळेसाठी टिकली, रंग धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जाऊ लागला. या रंगात किडा आहे हे माहीत असावं. जैन घरातल्या एका मुलीच्या आईने मला हे विचारलं होतं, आणि तिला खरं उत्तर मिळणं गरजेचं होतं.

दुकानातल्या बाटलीत मात्र बहुतेक वेळा लाख नसते. पाण्यात विरघळवलेला रासायनिक रंग असतो. तो वाईटच असतो असं नाही, पण कुठला रंग वापरला आहे यावर सगळं अवलंबून आहे. काही आलत्यांमधल्या अ‍ॅझो प्रकारच्या रंगामुळे लावलेल्या जागी त्वचेचा रंग जाऊन पांढरे चट्टे पडल्याची उदाहरणं आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवलेली आहेत. हे चट्टे पडायचे ते नेमके आलत्याच्या रेघेवर.

म्हणून बाटली घेताना चार गोष्टी बघा. उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, आणि किती तारखेपर्यंत वापरायचा ती तारीख. यातलं एकही नसेल तर ती बाटली ठेवून द्या, कितीही स्वस्त असली तरी. सुट्टा मिळणारा, कपड्याच्या किंवा रांगोळीच्या रंगातून बनवलेला आलता अजिबात नको. बाटली उघडल्यावर रॉकेलसारखा किंवा स्पिरिटचा उग्र वास आला तरी नको. तळाशी गाळ बसला असेल आणि हलवूनही मिसळत नसेल, तर तो जुना झालेला आहे.

चाचणी

ही पायरी लोक हमखास गाळतात. कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढा ठिपका लावा, सुकू द्या आणि तिथे दोन दिवस लक्ष ठेवा. अ‍ॅलर्जी लगेच दिसत नाही, बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी खाज सुरू होते. आमच्या वर्गातल्या एका मुलीला कार्यक्रमाच्या रात्री काहीच झालं नाही, तिसऱ्या दिवशी दोन्ही पावलांच्या कडेने बारीक पुरळ उठलं, अगदी मी ओढलेल्या रेघेबरहुकूम. तेव्हापासून नवी बाटली आणली की ज्या मुलीला लावायचा तिच्या हातावर आठवडाभर आधी ठिपका जातो. एका मुलीला चालला म्हणून दुसरीला चालेल असं नसतं, आणि गेल्या वर्षी चालला म्हणून या वर्षी चालेल असंही नसतं.

खाज, जळजळ, पुरळ यातलं काही झालं तर आलता धुऊन काढा आणि डॉक्टरांना दाखवा. चिरा, फोड, नखुरडं, ताजी जखम असेल तिथे लावू नका. आणि तान्ह्या बाळाला बाटलीतला आलता लावूच नका, बाळाचे हातपाय दिवसभर तोंडात असतात. पावलांचे ठसे घ्यायचे असतील तर बिटाचा रस पुरतो. तो काही तासांत निघून जातो आणि इथे तेच हवं असतं.

लाखेचा आलता घरी

हे करायला दोन दिवस हवेत, पण एकदा तरी करून बघा. जडीबुटीच्या दुकानात कच्ची लाख मागा. ती काळपट तांबडी, ओबडधोबड असते आणि तिच्यात काडीचे तुकडे अडकलेले असतात. चकचकीत पातळ पापुद्र्यांचा चपडा देतील तर घेऊ नका, तो धुऊन-वितळवून केलेला असतो आणि त्यात रंग जवळजवळ उरलेला नसतो. दाणेदार लाखेचंही तेच. पार्सलवर लावायची लाख तर पूर्ण वेगळी वस्तू आहे.

साधारण ५० ग्रॅम कच्ची लाख निवडून काड्या काढा आणि खलबत्त्यात जाडसर कुटा. एक वाटी, म्हणजे २०० ते २५० मिलिलिटर कोमट पाण्यात रात्रभर भिजत घाला. पाणी फिल्टरचं घ्या. बोअरचं जड पाणी क्षारयुक्त असतं आणि त्यात रंग जांभळ्याकडे झुकतो. भांडं स्टीलचं किंवा काचेचं हवं. लोखंडी कढईत रंग काळवंडतो.

सकाळी पाणी गर्द तांबडं झालेलं दिसेल. आता ते अगदी मंद आचेवर हाताला सोसेल इतपतच गरम ठेवा आणि अर्धा तास लाकडी चमच्याने हलवत राहा. उकळी येऊ देऊ नका. लाखेची राळ उष्णतेने मऊ होते, उकळत्या पाण्यात तिचा चिकट गोळा होऊन भांड्याला बसतो आणि मग ते भांडं स्वयंपाकात परत येत नाही. म्हणून वेगळं जुनं भांडंच घ्या. अर्ध्या तासाने दुहेरी मलमलीतून गाळा. राळ मागे राहिली की आता भीती नाही, गाळलेलं पाणी मंद आचेवर आटवून पाव वाटी करा.

शेवटी तुरटी. दोन चिमटीत मावेल तेवढीच पूड घाला आणि ढवळा, रंग उजळतो. हात सैल सोडलात तर रंग गाळ होऊन तळाशी बसेल. लिंबू पिळलं तर रंग नारिंगी होतो, खाण्याचा सोडा पडला तर जांभळा. मुलांना दाखवायला हे छान आहे, पण ते वेगळ्या वाटीत करा.

हा आलता बाटलीतल्यासारखा भडक लाल नसतो. तो किरमिजी, थोडा काळोखा आणि मऊ दिसतो, आणि मला तो जास्त आवडतो. टिकाऊपणा मात्र कमी. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस ठेवता येतो, त्यानंतर वास येऊ लागतो. पूर्वी हाच रस कापसात मुरवून तो वाळवून ठेवत. लावायच्या वेळी कापूस ओला केला की झालं. तुम्हीही दाट रसात कापसाच्या चपट्या चकत्या बुडवून सावलीत कडक वाळवू शकता. घरच्या आलत्यालाही चाचणी हवीच.

हळद आणि चुना कालवून होणारा लाल रंग काही जणी सुचवतात. चुना त्वचा भाजतो, आणि आंबट काही लागलं की लाल जाऊन पिवळी हळद उरते. पायाला लावायला तो मी कधीच वापरत नाही.

आदल्या दिवशी

टाचा घासायच्या असतील तर आदल्या दिवशी घासा. त्याच दिवशी घासल्या तर नवी कातडी कुठे जास्त, कुठे कमी रंग पिते आणि ठिगळं दिसतात. वॅक्सिंगही एक दिवस आधी. रात्री पायांना तेल किंवा क्रीम लावायला हरकत नाही, सकाळी ते साबणाने पूर्ण गेलं पाहिजे.

भेगांचं वेगळं सांगते, कारण नवख्यांचा सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो. भेगाळलेल्या टाचेच्या कडेने आलता फिरवला की क्षणभर रेघ नीट दिसते. मग प्रत्येक भेग टीपकागदासारखा रंग ओढून घेते आणि रेघेतून खाली तळव्याकडे लाल मुळं फुटतात. ती पुसून जात नाहीत. अशा टाचेवर रेघ भेगांच्या वर, मऊ कातडी सुरू होते तिथून घ्या आणि ब्रश जवळजवळ कोरडा ठेवा. भेगेतून रक्त येत असेल तर टाच सोडून फक्त बोटं रंगवा. बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

मेंदी आणि आलता दोन्ही हवं असेल तर मेंदी दोन दिवस आधी काढा. मेंदीचा रंग पूर्ण चढल्यावर बोटांच्या टोकांना आलता लावला की दोन्ही वेगळे उठून दिसतात.

साहित्य म्हणाल तर: आलता, एक छोटी वाटी, चार नंबरचा गोल ब्रश, भरायला एक चपटा ब्रश, काडीला कापूस गुंडाळून केलेले दोन-तीन बोळे, कानकोरणीचे कापूस, ओलं फडकं, व्हॅसलीन, टाल्कम पावडर, जुनी वर्तमानपत्रं आणि वाया गेला तरी चालेल असा टॉवेल. बाटलीबरोबर येणारा स्पंज मी वापरत नाही. तो एकदम जास्त रंग सोडतो.

पाऊल

स्वतःला लावत असाल तर आधी पाय, मग हात. अंगावर जुना गाऊन घाला, साडी नंतर. बाथरूमला जाऊन या, फोन दूर ठेवा. जोडवी आणि पैंजण काढा, कारण त्यांच्याखाली रंग साचतो. पाय साबणाने धुऊन पुसा आणि मग बोटांच्या बेचक्यांत फडक्याचं टोक घालून एकेक बेचकं पुन्हा पुसा. तिथे ओल राहिली की आलता तिथून पायावर उतरतो. नखं रंगू नयेत असं वाटत असेल तर त्यांवर पारदर्शक नेलपॉलिशचा हात द्या किंवा व्हॅसलीनचं बोट फिरवा. व्हॅसलीन कातडीवर लागलं तर तिथे रंग बसणार नाही, म्हणून जपून.

वाटीत चहाच्या दोन चमच्यांएवढाच आलता काढा. ब्रश बुडवा, वाटीच्या कडेला दोन्ही बाजूंनी निथळा, मग एकदा वर्तमानपत्रावर टेकवा. थेंब पडत नाही ना, हे बघूनच पायाला लावा.

आधी फक्त तीन खुणा करा, टाचणीच्या डोक्याएवढ्या. एक अंगठ्याच्या मुळाशी आतल्या कडेला, एक टाचेच्या मागे बरोबर मध्यावर, एक करंगळीच्या मुळाशी बाहेरच्या कडेला. तिन्ही खुणा जमिनीपासून सारख्या उंचीवर हव्यात, साधारण एक बोट. दुसऱ्या पायावरही याच वेळी करा आणि दोन्ही पावलं शेजारी ठेवून बघा. रेघ ओढल्यावर फरक दिसला तर काही करता येत नाही, खूण मात्र ओल्या फडक्याने लगेच पुसता येते.

मग खुणा जोडायच्या. टाचेपासून सुरू करा, आतल्या बाजूने पुढे अंगठ्याकडे या. पुन्हा टाचेपासून, बाहेरच्या बाजूने करंगळीकडे. रेघ ओढताना पाऊल हवेत नको, टाच तुमच्या गुडघ्यावर टेकलेली हवी आणि ब्रश धरलेल्या हाताची करंगळी समोरच्याच्या पायावर टेकलेली. आतल्या बाजूला पावलाची कमान येते तिथे रेघ आपोआप वर चढते. चढू द्या, पण हळू. ही वरची कड झाली. आता चपट्या ब्रशने कडेपासून खाली तळव्यापर्यंतचा पट्टा भरा, नेहमी एकाच दिशेने. मागे-पुढे घासलं की आधीचा रंग उचलला जातो.

कालिदासाच्या कुमारसंभव काव्याच्या सातव्या सर्गात पार्वतीची सखी तिची पावलं रंगवते आणि थट्टेने म्हणते की आता या पायाने नवऱ्याच्या मस्तकावरच्या चंद्राला स्पर्श कर. पार्वती काही न बोलता हातातली माळ तिला मारते. टाचेपाशी मान खाली घालून बसलं की मला हे आठवतं. इतक्या जवळ बसून, इतका वेळ एकीचं पाऊल दुसरीच्या हातात असतं, गप्पा होणारच. फक्त रेघ ओढताना तिला हसवू नका.

बोटं शेवटी. प्रत्येक बोटाचं टोक नखाच्या मुळापर्यंत बोळ्याने टिपून रंगवा. पावलाच्या वर मध्यभागी गोल ठिपका हवा असेल तर नाणं ठेवून कडेने अगदी फिकट खूण करा, नाणं उचला आणि आतून बाहेर भरत या. नाण्याच्या कडेने भरलेला ब्रश फिरवलात तर रंग नाण्याखाली शिरतो. तळवा नाचणाऱ्यांनी रंगवू नये. घामाने तो रंग रंगमंचावर उतरतो आणि पाय घसरतो.

हात

डाव्या हातापासून सुरुवात करा, डावखुऱ्या असाल तर उजव्यापासून. दुसऱ्या हातासाठी कुणाची तरी मदत घ्या, ती खरंच लागते. बोटं पहिल्या पेरापर्यंत रंगवतात. पेरावरच्या आडव्या रेषेत रंग शिरून कड फाटू नये म्हणून रेषेच्या एक तांदूळभर अलीकडे थांबा. बोटं पसरलेली आणि किंचित वाकवलेली ठेवा. तळहातावर मध्यभागी गोल, पायाच्या ठिपक्यासारखाच. भोवती बारीक ठिपके हवे असतील तर काडीचं मागचं टोक बुडवून टेकवा, सगळे एकसारखे येतात.

सुकवणं

पहिला थर पातळ, थोडा फिकट दिसला तरी चालेल. तो १० ते १५ मिनिटं सुकू द्या. बोट टेकवून बघू नका, तिरक्या उजेडात चमक गेली का ते बघा. चमक गेली की दुसरा पातळ थर. त्यानंतर किमान अर्धा तास काहीही घालायचं नाही, पंख्याखाली पाय पसरून बसायचं. पावसाळ्यात हा वेळ दुप्पट धरा. हेअर ड्रायर वापरायचा तर थंड हवेवर. गरम हवेने घाम सुटतो आणि आतून रंग सुटतो.

पूर्ण सुकल्यावर टाल्कम पावडर पफने हलकी टेकवा आणि कोरड्या मऊ ब्रशने झटका. जो रंग कपड्याला लागणार असतो तो या पावडरीबरोबर निघून जातो. मग जोडवी, पैंजण, चाळ. मोठ्या कार्यक्रमाला मी पहिला थर आदल्या रात्रीच देते. रात्रभरात तो कातडीत बसतो, सकाळी पाय न घासता नुसत्या पाण्याने धुऊन, कोरडे करून दुसरा थर. असा आलता दीड-दोन तासांच्या घामालाही उतरत नाही.

चुकलं तर ओल्या फडक्याने पुसू नका, डाग पसरतो. कानकोरणीचा कापूस खोबरेल तेलात बुडवून निथळा, चुकलेल्या जागी टेकवा, उचला. मग साबणाच्या पाण्याचं टोक, मग कोरडं. त्या जागी पुन्हा रंग लावायच्या आधी तेल गेलंय याची खात्री करा.

काढणं आणि डाग

आलता वरच्या मेलेल्या कातडीत बसतो, ती झडते तसा तोही जातो. हातावर दोन-चार दिवस, पायाच्या जाड कडांवर थोडा जास्त. लवकर काढायचा असेल तर खोबरेल तेल चोळून दहा मिनिटं ठेवा, बेसन आणि दही लावून हलक्या हाताने चोळा, साबणाने धुवा. एका वेळेत पूर्ण जाणार नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. ब्लीच, रॉकेल, नेलपॉलिश काढायचं द्रव यांनी रंगाआधी कातडी जाते.

साडीवर थेंब पडला तर आधी टीपकागद किंवा कापूस टेकवा, घासू नका. मग उलट्या बाजूने गार पाणी सोडा म्हणजे रंग ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत जाईल. गरम पाण्याने डाग पक्का होतो. रेशमी असेल तर कापसाने टिपून थेट ड्रायक्लीनवाल्याकडे द्या आणि डाग आलत्याचा आहे हे सांगा. संगमरवरी किंवा शहाबादी फरशी रंग पिते, तिथे पडला तर त्याच क्षणी टिपा. बसायच्या जागेपासून बाथरूमपर्यंत वर्तमानपत्रं आधीच अंथरून ठेवा.

वाटीत उरलेला आलता बाटलीत परत ओतू नका. त्यात कातडीचे कण आणि कापसाचे तंतू गेलेले असतात, आठवड्याभरात सगळी बाटली खराब होते. तो टाकून द्या आणि ब्रश लगेच गार पाण्यात धुवा. केस सरळ करून तो आडवा वाळत ठेवा.